मानवी हक्कांची वकिली करायचीय? आधी तहसील कचेरीची पायरी चढ

विधीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या लातूरच्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिला मानवी हक्क आणि सामाजिक न्याय याच क्षेत्रात वकिली करायची आहे. ती विचारते, यात करिअर होतं का, पोट भरतं का, हायकोर्टात जावं की एखाद्या संस्थेत नोकरी धरावी, एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, करावी का. घरचे म्हणतात, आधी न्यायाधीशाच्या परीक्षेला बस.

मुलीच्या वयाची आहेस, म्हणून तू म्हणते. मी १९९८ साली वकिलीची सनद घेतली. तेव्हापासून रायगड जिल्ह्यात वकिली करते, आधी तालुका कोर्टात, मग अलिबागला, कामापुरती मुंबईत हायकोर्टात. वीटभट्टीवरचे मजूर, वनहक्काचे दावे, अ‍ॅट्रॉसिटीचे खटले, घरातून हाकललेल्या बायका, जामीन होऊनही तुरुंगात अडकलेली पोरं ही माझी कामं. जोडीला अपघाताचे आणि वाटणीचे दावे. मी सांगेन ते याच अनुभवातलं.

घरच्यांचा मुद्दा आधी निकाली काढते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. म्हणजे परीक्षा द्यायची झाली तरी तीन वर्षं कोर्टात काढायचीच आहेत. ती कुठे काढायची एवढाच प्रश्न उरतो, आणि घरी हे सांगितलंस तर तीन वर्षं तरी वाद होणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मानवी हक्कांचा वकील म्हणून वेगळी सनद मिळत नाही. ज्याला फिर्याद नीट वाचता येते, तूर्तातूर्त (तात्पुरत्या) मनाईच्या अर्जाला उत्तर देता येतं, उलटतपासणी घेता येते आणि सातबाऱ्यावरचा फेरफार उलगडता येतो, तो वकील ज्याचं कोणी नाही त्याच्या बाजूने उभा राहिला, की ते काम मानवी हक्कांचं होतं. घटनेची कलमं तोंडपाठ असलेली, पण पुराव्याच्या कायद्यात अडखळणारी हुशार पोरं मी बरीच पाहिली. तळमळीत ती कुठेच कमी नव्हती, पण त्यांच्या पक्षकारांचं नुकसान झालं.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ ला झाला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पुढे दहा वर्षं जे कोर्टात चाललं ते वकिलांनाही फारसं ठाऊक नसतं. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी महाडच्या कोर्टात दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्या दाव्यात बाबासाहेब प्रतिवादी होते. हुकूम हातात पडल्यावर त्यांनी दुसऱ्या परिषदेच्या वेळी तळ्यावर जाणं थांबवलं आणि लढाई कोर्टात नेली. दावा महाडला चालला, अपील ठाण्याला गेलं, शेवटचा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ ला दिला. तो निकाल मिळवून वाच. समतेवरचं भाषण त्यात सापडणार नाही. तळं कोणाच्या मालकीचं आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींनी सिद्ध केलं का, यावर सगळी चर्चा आहे. वादींना ते सिद्ध करता आलं नाही आणि ते हरले. ज्या माणसाने पुढे घटनेचा मसुदा घडवला, त्याने हा खटला वहिवाटीच्या पुराव्यावर जिंकला. दर नव्या ज्युनियरला मी आधी हाच निकाल वाचायला देते.

माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण त्यातून मी जे शिकले ते कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका वीटभट्टीवरचं कातकरी कुटुंब माझ्याकडे आलं. नवरा-बायको, दोन मुलं. पावसाळ्यात शेठकडून उचल घेतली होती, दिवाळीनंतर भट्टीवर गेले, आठवड्याला खर्ची मिळायची, आणि हिशेबाच्या दिवशी उचल फिटलेली नसायची. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. मी भारावून गेले. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं ही घटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरी होते, असं सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटलेलं. मग १९८४ चा बंधुआ मुक्ती मोर्चाचा निकाल. हे सगळं घालून मी तहसील कचेरीत अकरा पानी अर्ज दिला आणि विजयी मनाने घरी गेले.

चौकशीसाठी माणसं भट्टीवर गेली. जबाब तिथेच झाले आणि शेठ चार हातांवर उभा होता. त्या बाईने सांगितलं, "आम्ही राजीखुशीनं काम करतो." अंगठा झाला आणि प्रकरण बंद. मी अपिलाच्या कागदांची जुळवाजुळव करत होते, तोवर ते कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यातल्या भट्टीवर निघूनही गेलं होतं.

कायद्यात काही उणीव नव्हती. उचल हे वेठीचं कर्ज नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच कायद्याच्या कलम १५ ने मालकावरच टाकलाय. चूक माझी होती. मी पहिला कागद शेठच्या अंगणात तयार होऊ दिला. त्यानंतर मी कधीही अर्जापासून सुरुवात केली नाही. आधी वाडीवर जायचं, बाईचा जबाब तिच्या घरात, तिच्या बोलीत, भट्टीवर न जाणारी एखादी वयस्कर बाई सोबत घेऊन उतरवायचा. उचल किती, कोणी मोजून दिली, कोणासमोर. खर्चीची वही आहे का. गाव सोडताना मुलांची नावं शाळेत होती का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भट्टी सोडून जायचं म्हटल्यावर कोण काय म्हणालं, आडवं कोण आलं. एवढं हातात असलं की अर्ज दोन पानांत होतो आणि प्रांताधिकाऱ्याला तो बाजूला सारता येत नाही. मुक्ततेचा दाखला मिळाला तरच पुढचं पुनर्वसन सुरू होतं, आणि २०१६ च्या केंद्रीय योजनेत बरीचशी रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी बांधलेली आहे. म्हणजे फौजदारी बाजू कच्ची राहिली तर मजुराच्या हातात थोडंसंच पडतं.

त्यानंतरच्या एका प्रकरणात दाखला मिळाला. मला हायकोर्टात रिट याचिका करायची होती, सगळ्या जिल्ह्यातल्या भट्ट्यांची तपासणी मागायची होती. मी त्या बाईला विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, माझी भांडी भट्टीवर राहिलीत ती आणून द्या, आणि शिमग्याच्या आत घरी जाऊ द्या. पोलिस सोबत घेऊन आधी भांडी आणली. रिट नंतर दुसऱ्या पक्षकारांच्या नावाने झाली, ज्यांना ती हवी होती. पक्षकाराला काय हवंय हे वकिलाने ठरवायचं नसतं. या क्षेत्रात हे विसरायला फार सोपं जातं, कारण आपल्याला वाटत असतं की आपण चांगल्यासाठीच करतोय.

म्हणून हायकोर्ट की तालुका या प्रश्नाला माझं उत्तर, पहिली पाच वर्षं तालुका किंवा जिल्हा. जनहित याचिका हे मोठं हत्यार आहे, मी ती नाकारत नाही. १९८३ मध्ये शीला बारसे या पत्रकाराच्या एका पत्रावरून सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या कोठडीतल्या बायकांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा आणि कायदेशीर मदत यांचे आदेश दिले. मात्र निकालातला कोर्टाचा हुकूम नीट वाचायची सवय लाव. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात आला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच निकालाने मुंबईच्या फूटपाथवरच्या झोपड्या हटवायला परवानगीही दिली, फक्त पावसाळा संपून महिना होईपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितलं. तत्त्व जिंकलं, पण त्या घरांचं काय? हा प्रश्न मनात जागा ठेव. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख द्यायचा आदेश २०१४ चा आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रक्कम तीस लाख केली. पण निकाल आपल्या पायांनी नगरपालिकेत जात नाही. विधवेच्या बरोबर जाऊन, अर्जावर आवक क्रमांक घेऊन, तिसऱ्यांदा पाठपुरावा करणारा वकील लागतो. ते काम कोणाच्याही बायोडेटात शोभत नाही, आणि हायकोर्टात जाणाऱ्या बहुतेक याचिका अशा न झालेल्या कामातूनच जन्माला येतात.

अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांबद्दल थोडं जास्त सांगते. मराठवाड्यात राहून हे काम करणार असशील तर तुझ्या दाराशी ते येणारच. खटला पहिल्या फिर्यादीत जिंकला किंवा हरला जातो. ठाण्यात अंमलदार 'जातीवाचक शिवीगाळ केली' असं एक वाक्य लिहून मोकळा होतो. नेमके शब्द काय होते, ते लिहिलेले नसतात. फिर्यादीची जात लिहिलेली असते, आरोपीची राहून जाते. कुठे घडलं, आणखी कोणी पाहिलं-ऐकलं, हे सुटतं. कायद्याला ते लोकांच्या नजरेसमोर घडलेलं लागतं, आणि चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना केलेला अपमान त्यात बसत नाही असं २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. फिर्यादी शिकलेला नसतो, घाबरलेला असतो, अपमानाचे शब्द पुन्हा उच्चारायची त्याला लाज वाटते. म्हणून जमेल तेव्हा ठाण्यात त्याच्यासोबत जा. पोलिसांशी भांडायला जाऊ नकोस. त्याला शेजारी बसवून हळूहळू आठवायला लाव, आणि सही करण्याआधी फिर्याद त्याला वाचून दाखवायला सांग.

खैरलांजीत २००६ मध्ये एका दलित कुटुंबातल्या चौघांचे खून झाले. शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा कोर्टाने लागू केला नाही, आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. सगळ्या गावाला जे दिसत होतं ते कोर्टाच्या कागदावर आलं नाही. मला आजही त्याचा त्रास होतो, आणि म्हणूनच तुला हे पहिल्या कागदाचं पुन्हा पुन्हा सांगतेय. २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५अ नीट वाच. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची नोटीस मिळणं आणि तिथे म्हणणं मांडणं हा पीडिताचा हक्क आहे, आणि ती नोटीस बंधनकारक असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. सरकारी वकील असतातच, पण त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो. त्या दिवशी पीडितातर्फे तू हजर असशील तर फरक पडतो. मी तो पाहिलाय.

चळवळीच्या रेट्याने काय होतं याचंही उदाहरण विदर्भातच आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि पोलिस सुटले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद आली. त्या चौघांनी निकालपत्रातली वाक्यं एकेक करून तपासली होती, त्या पत्राची ताकद तिथे आहे.

आता पैशांचं. हे मोकळेपणाने बोललं जात नाही, म्हणून चांगल्या मुली तीन वर्षांत हे काम सोडून जातात. सुरुवातीची वर्षं कठीण असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला महिन्याला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, आमच्या तालुक्यात एवढे पैसे कुणाला मिळालेले मी अजून पाहिले नाहीत. सनदेच्या खर्चाचा मात्र दिलासा आहे. जुलै २०२४ च्या निकालाने नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही.

माझा स्वतःचा मार्ग असा राहिला, महिन्यातली निम्मी कामं फी देणारी. वाटणीचे दावे, चेक न वटल्याच्या केसेस, अपघाताचे दावे, काही कामगारांची प्रकरणं. त्यावर घर आणि ऑफिस चालतं. उरलेली निम्मी कामं हक्कांची. पहिल्या निम्म्याला कमी लेखू नकोस. वाटणीच्या दाव्यांनी मला महसुली कागद शिकवले, आणि तेच शिक्षण वनहक्काच्या दाव्यांत उपयोगी पडलं. आमच्याकडच्या कातकरी-ठाकरांच्या दळी जमिनींचे, म्हणजे वन खात्याच्या हद्दीत ते कसत आलेल्या जमिनींचे, पुरावे जुन्या वन खात्याच्या नोंदींत पडलेले असतात. ते शोधायचे कसे हे मला एका सावकाराच्या दाव्याने शिकवलं होतं.

नुकसानभरपाईत टक्केवारी कधीही ठरवू नकोस. निकालावर अवलंबून फी घेणं नियमांनी बंद आहे, हे एक. दुसरं, ज्या बाईचा नवरा मेलाय तिच्या रकमेतला वाटा घेऊन तिचा वकील म्हणवून घेता येत नाही. फी घ्यायची तर आधी ठरवून, पावती देऊन घे, नाहीतर घेऊ नकोस.

संस्थेत नोकरी धरणार असशील तर एक नियम आधी समजून घे, कारण यात बरीच मुलं फसतात. पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. संस्थेत राहून अहवाल लिहिणं, प्रशिक्षणं घेणं, वस्त्यांमध्ये फिरणं यातून खूप शिकायला मिळतं, पण कोर्टात उभं राहता येणार नाही. कोर्टात उभं राहायचं असेल तर संस्थेशी प्रकरणानुसार मानधनाचं ठरव. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाल. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आता तिथे पूर्णवेळ बचाव वकिलांची पदंही निघतात. ठरलेलं मानधन असतं, खाजगी वकिली बंद असते, पण फौजदारी कामाचा हात बसतो. माझ्या एका ज्युनियरने तिथे दोन वर्षं काढली आणि माझ्यापेक्षा बरी उलटतपासणी शिकून आली.

एलएलएम शिकवण्यासाठी हवं असेल तर कर. वकिलीसाठी त्याची गरज नाही.

धोक्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतं. मुंबईचे वकील शाहिद आझमी यांना फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्याच ऑफिसात गोळ्या घातल्या. कोल्हापुरात कामगारांचे खटले चालवणारे गोविंद पानसरे फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले. या जिल्ह्यात मला रात्री फोन आलेत, गाडीच्या काचा फुटल्यात. घाबरवण्यासाठी सांगत नाही. दोन गोष्टी मात्र मी नेमाने करते. धमकी कितीही क्षुल्लक वाटली तरी त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घ्यायची. आणि ऑफिसचे हिशेब, पावत्या, वकालतनामे चोख ठेवायचे, कारण अंगावर यायचं असतं तेव्हा आधी तिथेच बोट घालतात. तालुक्याच्या वकील संघटनेशी, म्हणजे बारशी, फटकून राहू नकोस. समोरच्या बाजूचा वकील बार रूममध्ये तुझ्याबरोबर चहा पिणारा असेल, तर अडचणीच्या दिवशी तोच आधी धावून येतो. माझ्या बाबतीत आला.

तुरुंगापासून सुरुवात कर, असं मी तुला सुचवेन. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही, मिळाला तर त्याच्याकडे ऐपतीचा दाखला नसतो. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला कोर्टाने दहा हजारांचा जामीन सांगितला आणि भावाची हमी तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारली. सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. तरी आजही रोज हेच घडतं. ३१ जानेवारी २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश जवळ ठेव. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर अट शिथिल करण्याचा विचार कोर्ट आपणहून करू शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायला हवं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात नाहीत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी लाभ मिळत नाही, हे तपासून घे.

लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा आणि तुरुंगभेटीला जाणाऱ्या वकिलांसोबत येऊ द्या अशी लेखी विनंती कर. परवानगी मिळेल त्या दिवशी एक साधी वही ने. प्रत्येकाला चारच गोष्टी विचार. नाव काय, कलम कोणतं, अटक कोणत्या तारखेची, आणि जामीन झाला असेल तर अजून इथे का. उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून घे, मग कोर्टात जाऊन रोजनाम्याशी, म्हणजे खटल्याच्या तारीखवार नोंदीशी, ताडून बघ. ज्याचा जामीन कधीच मंजूर झालाय आणि त्याला ते कोणी सांगितलेलंच नाही, असा एखादा माणूस पहिल्याच भेटीत सापडू शकतो. त्याच्या अर्जात कुठे अडलं तर मला विचार.